उड्डाणाचा तास: विकतचा, भाड्याचा की सामाईक?

(जळगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोघातिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा विमानाशी काय संबंध? संबंध विमानाशी कमी आहे, तासाशी जास्त आहे. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, तो मिळवायचा तर लॉगबुकात २०० तासांचं उड्डाण नोंदलेलं असावं लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, म्हणजे पायलट इन कमांड म्हणून. त्या शंभरात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून थोडा जास्त, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. शिवाय १० तास केवळ उपकरणांवर नजर ठेवून आणि ५ तास रात्रीचे. परीक्षा, वैद्यकीय तपासणी, रेडिओचा परवाना हे सगळं वेगळंच.

आता गंमत बघा. अभ्यास फुकट करता येतो, पुस्तक उसनं आणता येतं, पण हा तास कुणाकडून उसना मिळत नाही. तो पैसे देऊनच घ्यावा लागतो. आज सीपीएलचा एकूण खर्च साधारण ४० ते ६० लाखांच्या घरात जातो आणि त्यातला सर्वांत मोठा भाग या तासांचा असतो. खान्देशात हा आकडा ऐकला की माणूस मनातल्या मनात एकरांचा हिशेब करतो. म्हणून प्रश्न असा आहे: हा तास आला कुठून, तो महाग का झाला, आणि इतिहासात तो कधी स्वस्त झाला होता का? झाला असेल तर कशामुळे?

आपल्या भाषेत 'तास' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको. एक घड्याळाचा तास आणि दुसरा नांगराचा तास, म्हणजे जमिनीत उमटलेली रेघ. पहिला फक्त निघून जातो, दुसरा मागे काहीतरी ठेवून जातो. वैमानिकाच्या लॉगबुकात नोंद पहिल्या तासाची होते, पण अपेक्षा दुसऱ्याची असते. हा फरक आजच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणार आहे.

तास मोजायला कधी लागले

विमानविद्येच्या अगदी सुरुवातीला तास मोजतच नव्हते. १९१०च्या आसपास युरोपातल्या एअरो क्लबांनी जे पहिले परवाने दिले ते कसोटीवर दिले. दोन खांब रोवायचे, त्यांच्याभोवती आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढायचा, ठरलेली उंची गाठायची आणि आखून दिलेल्या खुणेजवळ उतरायचं. जमलं तर परवाना. तुम्ही तीन तासांत शिकलात की तीस तासांत, हे कुणी विचारत नव्हतं.

पुढे विमानात प्रवासी बसू लागले, डाक जाऊ लागली, विमा आला. तेव्हा सरकारला आणि विमा कंपनीला एक आकडा हवा झाला. 'हा माणूस शहाणा आहे का' हे कागदावर लिहिता येत नाही; 'याने इतके तास उड्डाण केलं आहे' हे लिहिता येतं. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवलं आहे, की तरुण माणूस गणितात प्रवीण होऊ शकतो पण व्यवहारातला विवेक त्याच्याकडे लवकर येत नाही, कारण त्याला अनुभव लागतो आणि अनुभवाला काळ लागतो. नियम करणाऱ्यांनी या विधानाचा उत्तरार्ध उचलला. अनुभवाला काळ लागतो ना, मग काळ मोजू या. हे चूक होतं असं मी म्हणत नाही; दुसरं काही मोजण्यासारखं हाताशीच नव्हतं. पण त्या दिवसापासून अनुभव ही मोजून विकण्याची वस्तू झाली. आणि वस्तू झाली की बाजार येतो.

क्लबाचा काळ

१९२५ साली इंग्लंडमध्ये द हॅविलँड कंपनीचं 'मॉथ' नावाचं छोटं विमान उडालं. दोन माणसं, एक इंजिन, आणि पंख दुमडून ठेवता येतील अशी सोय, म्हणजे हँगरचं भाडं कमी. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना आर्थिक मदत द्यायला सुरुवात केली. स्वस्त विमान आणि सामाईक मालकी या दोन गोष्टी एकदम आल्या, हे ध्यानात ठेवा.

ती कल्पना दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात पोचली. १९२७ साली एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा स्थापन झाला आणि १९२८ साली मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. दिल्ली आणि कराचीचे क्लबही त्याच सुमाराचे. सरकारने क्लबांना विमानं आणि अनुदान देऊन हातभार लावला. मुंबईत शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. त्यावर क्रमांक १ होता. १९३२ साली त्यांनी कराचीहून मुंबईला डाकेचं विमान आणलं, ते आपण शाळेत शिकतो. पण त्या विमानसेवेच्या मागे क्लबातला तास होता, हे शाळेत कुणी सांगत नाही.

क्लबाचं सोनेरी चित्र मात्र मी रंगवणार नाही. त्याचे सभासद कोण होते? पारशी आणि गुजराती उद्योगपतींची मुलं, संस्थानिक, इंग्रज अधिकारी. विमान सामाईक होतं, पण दरवाजा अरुंद होता. धुळ्याच्या किंवा एरंडोलच्या पोराला त्या दारापर्यंत जायला रेल्वेचं तिकीटच परवडायचं नाही. तरी रचना बघण्यासारखी होती. विमान एकाच्या मालकीचं नाही, खर्च सगळ्यांत वाटलेला आणि काही भार सरकारवर.

स्वातंत्र्यानंतर ही रचना थोडी रुंद झाली. इथे एका मराठी माणसाचं नाव घेतलं पाहिजे, जे आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही: डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर भागातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, आणि प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. घाटगे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं आणि १९५८ साली 'पुष्पक' उडालं. पुष्पक दोन आसनी, वर पंख असलेलं, साधं विमान. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेली. पुढची दोन-तीन दशकं आपल्याकडच्या असंख्य वैमानिकांनी आपले पहिले तास पुष्पकवर केले.

नाव बघा किती नेमकं. रामायणातलं पुष्पक कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहणारं. हे पुष्पक दोघांचंच होतं, पण क्लबात ते शंभर जणांच्या उपयोगाला येत होतं. देशात बनलेलं हलकं विमान, क्लबाची सामाईक वहिवाट आणि सरकारी अनुदान हे तिन्ही पाय होते, तोवर मध्यमवर्गातला हुशार मुलगा निदान तासाचं स्वप्न बघू शकत होता. पुढे अनुदान आटलं, पुष्पक म्हातारी झाली, सुटे भाग मिळेनात. विमान वाहतूक खुली झाली आणि तास पूर्णपणे बाजारात गेला.

धावपट्ट्या आपल्या दारात

आता खान्देशात येऊ. सत्तरच्या दशकात राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने जिल्ह्याजिल्ह्यांत धावपट्ट्या बांधल्या. जळगावची त्यातलीच, धुळ्याची गोंदूरची त्यातलीच. मंत्री आले की त्यांचं विमान उतरायचं, एरवी गुरं चरायची. लोक म्हणायचे, कशाला हा खर्च? पण पुढे असं झालं की मुंबईच्या जुहूवर गर्दी वाढली, आणि १९२८ सालचा तो बॉम्बे फ्लाइंग क्लब उड्डाणाचं प्रशिक्षण द्यायला गोंदूरला आला. नाव मुंबईचं, आकाश धुळ्याचं. शिरपूरजवळ तांडे इथे धावपट्टी झाली आणि तिथेही विमान प्रशिक्षण सुरू झालं. जळगावचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला, नव्याने बांधून २०१२ साली सुरू झाला. २०२१ साली प्राधिकरणाने देशातले पाच विमानतळ प्रशिक्षण संस्थांसाठी निवडले: बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी आणि आपलं जळगाव. या संस्थांकडून महसुलातला वाटा घ्यायचा नाही आणि जमिनीचं भाडं कमी ठेवायचं, असं धोरण ठरलं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधायला घेतलं, आणि त्यांच्या विमानाची चाचणी उड्डाणंसुद्धा २०२० साली धुळ्यालाच झाली.

म्हणजे तापीच्या या एका खोऱ्यात प्रशिक्षणाच्या तीन धावपट्ट्या. असं का झालं? भावनेचा भाग नाही, हिशेबाचा आहे.

विमानाच्या भाड्याचा हिशेब एका छोट्या घड्याळावर चालतो. त्याला हॉब्स मीटर म्हणतात. इंजिन चालू झालं की ते फिरायला लागतं. लॉगबुकातलं उड्डाणसुद्धा चाक हललं तिथपासून चाक थांबलं तिथपर्यंत मोजतात. आता गर्दीच्या विमानतळावर तुम्ही धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट बघत उभे आहात, पुढे चार मोठी विमानं. मीटर चालू. पैसे जातात, लॉगबुकात आकडा वाढतो, आणि शिकणं शून्य. घड्याळाचा तास झाला, नांगराचा झाला नाही. गोंदूरला किंवा जळगावला विमान काही मिनिटांत हवेत असतं. तेवढ्याच पैशात तीन लँडिंग जास्त होतात. लहान धावपट्टीचं अर्थशास्त्र ते एवढंच.

दुसरा भाग स्थिर खर्चाचा. विमा, हँगर, वार्षिक तपासणी, इंजिनिअरचा पगार. विमान उडो न उडो, हा खर्च होतो. समजा, केवळ उदाहरणासाठी, एका विमानाचा असा खर्च वर्षाला २० लाख आहे. वर्षात ते २०० तास उडालं तर दर तासावर १० हजारांचं ओझं, पेट्रोल वेगळं. ६०० तास उडालं तर तेच ओझं ३,३०० वर येतं. विमान तेच, माणसं तीच. सामाईक विहिरीवर तुम्ही हे रोज बघता. चार भावांत एक विहीर असली की पाळी पाळावी लागते, कधीमधी भांडण होतं, पण मोटारीचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो.

तिसरा भाग विमानाच्या वजनाचा. अमेरिकेने २००४ साली 'लाइट स्पोर्ट' नावाचा एक वर्ग केला: दोन आसनं, एक इंजिन, जमिनीवरून उडणारं असेल तर वजन जास्तीत जास्त ६०० किलो. नियम सोपे, म्हणून विमान बनवणं स्वस्त. यांतल्या बऱ्याच विमानांत रोटॅक्स कंपनीचं इंजिन असतं. ते तासाला १५ ते २० लिटर इंधन खातं. शाळांमध्ये दिसणारं चार आसनी सेसना १७२ तेवढ्याच वेळात ३० ते ३५ लिटर खातं. २०२५ साली अमेरिकेने हा वर्ग आणखी रुंद केला. भारतातही प्रशिक्षणासाठी लहान, कमी खाणारी विमानं येत आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं 'हंस' हे दोन आसनी विमान रोटॅक्सवरच चालतं, आणि त्याची नवी आवृत्ती २०२१ साली उडाली.

पण यात आपल्याकडच्या दोन अडचणी आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली इंधनाची. रोटॅक्स मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, म्हणून लोक म्हणतात की पंपावरून भरा. पण आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं, आणि या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच चालतं. म्हणजे पुन्हा महागडं विमानाचं पेट्रोल आलं. ते बरीच वर्षं आपण आयातच करत होतो. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवू लागलं आहे.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत पंखाला आणि इंजिनाला कमी धरायला मिळतं. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की विमान इथे असं वागतं, जणू ते १,४०० मीटरवर उभं आहे. म्हणजे पाय जळगावात आणि दम महाबळेश्वरचा! त्यात दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या गरम झोतांनी हलकं विमान सुपातल्या दाण्यासारखं उडतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळीच शिकवायचं. पावसाळ्यात ढग. आपलं खरं उड्डाणाचं पीक म्हणजे रब्बीचंच, दिवाळी ते होळी.

तास विकत घेण्याचे मार्ग, आणि पळवाटा

या सगळ्यामुळे बरीच मुलं परदेशी जातात: अमेरिका, दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स, न्यूझीलंड. अमेरिकेत परवाना असलेल्या माणसाला मोटारीसारखं विमान तासावर भाड्याने मिळतं. इंधनासह भाडं असेल तर त्याला 'वेट' म्हणतात, इंधन आपलं असेल तर 'ड्राय'. चार मित्र मिळून जुनं विमान विकत घेतात, तास पुरे झाले की विकून टाकतात. आपल्याकडे असं दुकान जवळपास नाही. तास बहुतेक प्रशिक्षण संस्थेच्याच दारात घ्यावा लागतो.

तिथल्या तासांच्या भुकेचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे प्रवासी विमानात सहवैमानिक व्हायला साधारणपणे १,५०० तास लागू लागले. पण त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा जास्त तास होते. चौकशीत प्रश्न निघाले ते थकव्याचे, प्रशिक्षणाचे आणि ऐन क्षणी चुकीच्या प्रतिक्रियेचे. थकवा आणि प्रशिक्षण यांवर पुढे नियम झाले, नाही असं नाही; पण लोकांच्या लक्षात राहिला तो १,५०० हा आकडा.

मग तो आकडा गाठायला युक्त्या आल्या. तिथला एक कायदेशीर मार्ग असा: दोन वैमानिक एकाच विमानात बसतात, एक डोळ्यांवर झापड लावून उपकरणांवर उडवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो, आणि काही अटींवर दोघेही तोच तास आपापल्या वहीत लिहितात. आकाशात एक तास झाला, कागदावर दोन. हे नियमात बसतं, त्यात लबाडी नाही. पण जिथे असं बसतं तिथून पुढची पायरी दूर नसते. अमेरिकन वैमानिकांत 'पार्कर पेनचे तास' असा टोमणा आहे, म्हणजे पेनाने केलेलं उड्डाण. आपल्याकडे २०११ साली खोटी कागदपत्रं दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, डीजीसीएला, प्रशिक्षण संस्थांच्या नोंदी तपासाव्या लागल्या. ज्या वस्तूचा भाव चढतो, तिच्यात भेसळ होते. दुधाचं होतं तसं तासाचं झालं.

१६ जुलै २०२१ची घटना तुमच्या आठवणीत असेल. चोपडा तालुक्यात वर्डीच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षणाचं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. शिकाऊ मुलगी जबर जखमी झाली. तिथे रस्ता नव्हता. गावातली आदिवासी माणसं धावली, एका बाईने अंगावरचं लुगडं झोळीसाठी दिलं आणि त्या झोळीतून मुलीला खाली आणलं. मी कुणावर बोट ठेवण्यासाठी हे सांगत नाही. तासाचा हिशेब करताना आपण रुपयांत बोलतो, तेव्हा त्या तासात दोन माणसं बसलेली असतात, एवढं विसरू नये.

पतंजलीने अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, मध्ये खंड नको, आणि मनापासून हवा. आपला नियम पहिली अट मोजतो. दुसऱ्या अटीवर इथली मुलं मार खातात. संस्थेत विमानं पाच, त्यातली तीन दुरुस्तीला, मुलं साठ. महिन्यात चार-पाच तास मिळतात. खंड पडला की हात विसरतो, आणि विसरलेलं पुन्हा शिकायचे तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. दर तासाला कमी भाव सांगणारी संस्था शेवटी महाग पडते ती अशी. आंतरराष्ट्रीय मानकात २०० तासांची अट आहे, पण मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात शिकलेल्याला १५० तास पुरतात. सलगपणाला जगाने पन्नास तासांची किंमत दिली आहे! आपल्याकडे मात्र २०० च.

फडाची आठवण

मग मार्ग काय? धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या गावच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. पाटकरी पाणी देणार, पाटाची सफाई सगळ्यांनी मिळून करायची, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कुठल्या फडाला द्यायचं ते गावाने बसून ठरवायचं. ही पद्धत शिकवायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. महाग आणि मोजकी वस्तू वाटून कशी वापरायची, ही अक्कल इथल्या मातीत होती.

क्लब म्हणजे आकाशातला फडच. मोजकी विमानं, ठरलेली पाळी, सामाईक देखभाल. इतिहासात तास स्वस्त झाला तो दोनदा, मॉथच्या वेळी आणि पुष्पकच्या वेळी. दोन्ही वेळा तीच गोष्ट दिसते: हलकं विमान, सामाईक वापर आणि सरकारचा हात. नुसतं हलकं विमान आणून भागत नाही, कारण ते एका मालकाच्या हातात असलं की वाचलेलं पेट्रोल त्याच्या नफ्यात जातं, विद्यार्थ्याच्या बिलात उतरत नाही.

सरकारचा हात आजही पूर्ण आखडलेला नाही. राज्याच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबात सीपीएलचं प्रशिक्षण सुरू केलं. एनसीसीच्या हवाई विभागात मायक्रोलाइटवर मुलांना खिशातून काही न घालता आकाश बघायला मिळतं. २०१५ साली हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी मिळून स्लोव्हेनियाहून १९४ मायक्रोलाइट मागवली होती. माझं म्हणणं एवढंच, की तीन धावपट्ट्या असलेल्या खान्देशात प्रशिक्षण संस्था आहेत तशी सभासदांच्या मालकीची एखादी संस्थाही असावी. दूध संघ चालवणाऱ्या, केळीच्या वॅगनी दिल्लीला धाडणाऱ्या जिल्ह्याला दोन छोटी विमानं सहकारात चालवणं अशक्य वाटू नये. सहकारात काय काय बिघडतं, हेही आपल्याला चांगलं माहीत आहे. म्हणून हिशेब उघडे आणि देखभाल पहिली. पाट साफ न करता पाणी मागणाऱ्याला फडात जागा नव्हती.

प्रश्नोत्तरे

एक विद्यार्थिनी: सर, हलक्या विमानावर केलेले तास कमी दर्जाचे मानतात का?

शिकण्याच्या दृष्टीने नाही. हलकं विमान वाऱ्याला लगेच हलतं, म्हणून पायातलं रडर नीट वापरायची सवय लागते. जड विमान तुमची चूक झाकून घेतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र जपून, बेटा. विमान कुठल्या गटात नोंदलेलं आहे आणि त्याचे तास डीजीसीए कुठल्या परवान्यासाठी धरतं, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घे. मायक्रोलाइट, लाइट स्पोर्ट आणि साधं प्रशिक्षण विमान दिसायला सारखी वाटतात, कागदावर वेगळी असतात.

एक पालक: सर, पोरगा बारावी सायन्स झाला. चार एकर आहे. दोन काढून त्याला पाठवायचं म्हणतो. काय करू?

भाऊ, जमीन विकायची की नाही ते मी सांगणार नाही, तो तुमचा घरचा निर्णय आहे. क्रम मात्र सांगतो. आधी डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, दुसऱ्या वर्गाची आणि मग लगेच पहिल्या वर्गाची. डोळा, कान, हृदय यांत काही निघालं तर लाखाच्या आत कळतं. जमीन गेल्यावर कळू नये. मग लेखी पेपर. ते घरी बसून होतात, आणि पोराची चिकाटी किती आहे तेही दिसतं. त्यानंतर संस्था बघायला स्वतः जा, आणि धावपट्टीवर जा, ऑफिसात नको. तीन गोष्टी विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती, एका विमानामागे मुलं किती, आणि मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले. २०२५ पासून डीजीसीए संस्थांची श्रेणी जाहीर करतं, तीही बघा. सगळे पैसे एकदम भरू नका. जेवढे तास झाले तेवढे द्यायची बोली करा. आणि पोराला सांगा, लॉगबुकात रोज जे लिहिशील त्याच्या शेजारी वेगळ्या वहीत लिही की आज काय शिकलो. महिनाभर ती वही कोरी राहिली, तर पैसे भरायचे थांबवा आणि मला फोन करा.